एलएस इंजिन : एका पिढीचा कॅम दुसऱ्या पिढीच्या ब्लॉकमध्ये बसवताना

रविवारी सकाळी साडेनऊला फोन आला. "दादा, गिअरला भोकं तीन आहेत आणि कॅमला एकच. आता काय करू?"

फोन करणारा माझा कऱ्हाडचा मित्र. इथे मिशिगनमध्ये माझ्यापासून पंधरा मिनिटांवर राहतो. त्याच्याकडे २००३ चा शेव्हरले सिल्व्हराडो आहे, त्यात ५.३ लिटरचं एलएम ७ इंजिन. रेडिएटर उतरवून भिंतीला टेकवलेला, पुढचं कव्हर निघालेलं, टायमिंग चेन लोंबकळतेय आणि हातात एलएस ३ चा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. कॅम खराब नव्हता, ब्लॉकमध्ये तो सरळ आत गेलाही असता. अडचण होती ती कॅमच्या पुढच्या टोकाला.

या इंजिनांमध्ये अडतं ते नेहमी असंच. जनरल मोटर्सच्या एलएस या व्ही-८ इंजिनांच्या घराण्यात तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या कॅमचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) एकाच मापाचे, ५५ मिलिमीटरचे. फायरिंग ऑर्डरही (सिलिंडर पेटायचा क्रम) सगळ्यांची एकच : १-८-७-२-६-५-४-३. त्यामुळे "कुठलाही कॅम कुठेही बसतो" असं लोक बिनधास्त सांगतात. कॅम बसतो हे खरं. पण त्याच्या पुढचा गिअर, मागचा सेन्सर, वरचे लिफ्टर (कॅमवर चालून पुशरॉड नावाच्या सळया ढकलणारे) आणि व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगा यांचं त्याच्याशी जमतंय का, हे गाडी उघडायच्या आधी बघावं लागतं. म्हणून या लेखाचा पहिला अर्धा भाग पाना हातात घेण्याआधीचा आहे.

आपलं इंजिन कुठल्या पिढीचं?

तिसरी पिढी १९९७ च्या कॉर्व्हेटमधल्या एलएस १ पासून सुरू झाली. १९९९ पासून ट्रकमध्ये आलेली ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची इंजिनं, आणि २००१ ते २००४ च्या कॉर्व्हेट झेड-०-६ मधलं एलएस ६, ही सगळी तिसऱ्या पिढीची. चौथी पिढी २००५ च्या एलएस २ पासून धरतात. पुढे एलएस ७, एलएस ३, एलएस ९ आणि ट्रकची बरीच इंजिनं तिच्यात आली.

फक्त सालावर विसंबू नका. २००५ च्या आसपास दोन्ही पिढ्या शेजारी शेजारी बनत होत्या, आणि जुन्या गाडीत मधल्या कुणी मालकाने इंजिन बदललेलं असू शकतं. कॅमचा सेन्सर कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. तो ब्लॉकच्या मागच्या टोकाला, इनटेक मॅनिफोल्डच्या शेपटाखाली असेल तर इंजिन तिसऱ्या पिढीचं. पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये असेल तर चौथ्या पिढीचं. दुसरी खूण क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) सेन्सरची. तो काळा असेल तर क्रँकवर बहुधा २४ दात्यांचं चक्र, राखाडी असेल तर ५८ चं. २००५ चं एलएस २ चौथ्या पिढीचं असूनही २४ वालं आहे, ५८ वालं चक्र त्यानंतर आलं. आपला कॉम्प्युटर २४ वाचतो की ५८, यावर पुढे कुठला कॅम गिअर घ्यायचा ते ठरतं, म्हणून हे आधी कागदावर लिहून ठेवा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. नावात एलटी असलेली २०१४ नंतरची पाचव्या पिढीची इंजिनं या खेळात नाहीत. त्यांच्या कॅमवर हाय प्रेशर फ्युएल पंप चालवणारा वेगळा लोब (कॅमवरचा उंचवटा) असतो. आणि १९५५ पासूनच्या जुन्या स्मॉल ब्लॉकची फायरिंग ऑर्डरच निराळी आहे. ते कॅमही इथे चालत नाहीत.

कॅम हातात घेऊन काय बघायचं

शेपटाकडून सुरुवात करा. तिसऱ्या पिढीच्या कॅमच्या मागच्या बाजूला एक कडी असते, अर्धा घेर उंच आणि अर्धा घेर खाली कापलेला. मागचा सेन्सर तीच वाचतो. चौथ्या पिढीत हे काम पुढच्या गिअरवरच्या खाचांकडे गेलं. तेव्हा नव्या पिढीचा कॅम जुन्या ब्लॉकमध्ये घालायचा असेल तर आधी या कडीवरून बोट फिरवून बघा. ती असेल तर मागचा सेन्सर तसाच चालतो. नसेल तर सेन्सर पुढे आणावा लागतो : एलएस २ किंवा एलएस ३ चं पुढचं कव्हर, त्यातला सेन्सर, २४ वाल्या कॉम्प्युटरला समजेल असा एका खाचेचा कॅम गिअर आणि वायरिंग लांबवणारी जोडवायर. हे कव्हर जुन्या ब्लॉकवर थेट बसतं. जोडवायर मात्र याच कामासाठी बनवलेली घ्या. दोन्ही सेन्सरच्या पिनांचा क्रम वेगळा आहे, तारा तोडून अंदाजाने जोडू नका.

आता नाक, म्हणजे पुढचं टोक. तिसऱ्या पिढीच्या कॅमला गिअर तीन एम ८ बोल्टांनी बसतो. एलएस २ आणि एलएस ९ चे कॅमही तीन बोल्टांचेच. एलएस ३ चा कॅम मात्र एका मोठ्या बोल्टाचा. म्हणजे गिअर घेताना दोन प्रश्न एकत्र विचारायचे : बोल्ट किती, आणि खाचा किती? ५८ वाल्या कॉम्प्युटरला चार खाचांचा गिअर लागतो. जुना तीन बोल्टांचा कॅम नव्या ५८ वाल्या इंजिनात घालायचा असेल, तर तीन बोल्टांचा चार खाचांचा गिअर मागा. दुकानदाराला नुसतं "एलएस चा कॅम गिअर द्या" म्हटलं तर जो हाताशी असेल तो मिळेल.

व्हेरिएबल टायमिंग, म्हणजे चालत्या इंजिनात कॅमची वेळ बदलायची सोय, असलेली इंजिनं (६.२ चं एल ९२, ६.० चं एलवाय ६ वगैरे) याच मुद्द्यात येतात. त्यांच्या गिअरच्या जागी तेलावर चालणारा जाडजूड फेजर असतो आणि कव्हरमध्ये त्याचा सोलेनॉइड. तिथे साधा कॅम घालायचा तर कॅम, गिअर, चेन आणि कव्हर असा सगळा संच बदलतो आणि कॉम्प्युटरमधूनही ते टायमिंग बंद करावं लागतं.

मग लोब. फॅक्टरीच्या कॅमचे आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. एलएम ७ च्या मूळ कॅमची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते माप) इनटेकला ०.४५७ इंच आणि एक्झॉस्टला ०.४६६. २००२ ते २००४ च्या एलएस ६ ची ०.५५१ आणि ०.५४७, म्हणजे जवळजवळ १४ मिलिमीटर. एलएस २ ची दोन्हीकडे ०.५२५. एलएस ३ ची ०.५५१ आणि ०.५२५. एलएस ७ चा कॅम कागदावर ०.५९३ दाखवतो, पण तो आकडा १.८ रेशोच्या रॉकरचा (पुशरॉडची हालचाल वाढवून व्हॉल्व्हला देणाऱ्या तरफेचा) आहे. बाकीच्या घराण्याच्या १.७ च्या रॉकरवर तोच कॅम साधारण ०.५६ देतो. आकड्यांची तुलना करताना रॉकर कोणता, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लिफ्ट वाढली की स्प्रिंग बदलायची. एलएस १ किंवा जुन्या ट्रकच्या मूळ स्प्रिंगा ०.५०० च्या पुढे वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे, त्यातही दीड लाख मैल चाललेल्या तर नाहीच. एलएस ६ ची निळी स्प्रिंग त्याच हेडवर, त्याच रिटेनरमध्ये (स्प्रिंगवरच्या टोपीत) बसते आणि ०.५५० च्या आसपासचा कॅम व्यवस्थित सांभाळते. कॅम घेतला आणि स्प्रिंगा पुढच्या पगाराला, असं करू नका. स्प्रिंग मागे पडली की व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही, आणि उघडा व्हॉल्व्ह पिस्टनला भेटला तर हेड, पिस्टन सगळंच जातं.

राहिले लिफ्टर. चौथ्या पिढीच्या बऱ्याच ५.३ इंजिनांत चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा असते. १, ४, ६ आणि ७ नंबरच्या सिलिंडरवर वेगळे लिफ्टर, त्यांचे वेगळे ट्रे, आणि मधल्या झाकणात सोलेनॉइडची पट्टी. अशा इंजिनात जुन्या पिढीचा कॅम घालायचा तर हे लिफ्टर आत ठेवून चालत नाही. दोन्ही हेड उतरवून सोळाच्या सोळा साधे लिफ्टर, चारही ट्रे आणि मधलं झाकण बदलायचं, आणि कॉम्प्युटरमध्ये ती यंत्रणा बंद करायची. हेड उतरलं की हेडबोल्ट नवेच घ्या. हे बोल्ट ताणून आवळायचे आहेत, दुसऱ्यांदा वापरायचे नाहीत. २००४ च्या आधीच्या इंजिनांत ते दोन लांबीचे येतात, संच मागवताना साल सांगा.

मित्राच्या कॅमचं काय झालं? तो परत पाठवला आणि २००२ च्या पुढचा एलएस ६ चा कॅम घेतला. तीन बोल्ट, मागे कडी, त्याचाच जुना गिअर, त्याचाच जुना सेन्सर. दोन आठवडे ट्रक गॅरेजमध्ये उभा राहिला तेवढंच.

उतरवणं

बॅटरी काढा, कुलंट काढा, रेडिएटर आणि पंखा उतरवा. ट्रकमध्ये जागा भरपूर मिळते म्हणून हे काम शिकायला ट्रकच बरा. मग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँक पुली.

या पुलीवर थोडं थांबू. तिला चावी (खाचेत बसून पुली घसरू न देणारा तुकडा) नसते. ती क्रँकवर नुसत्या घट्ट बसण्याने आणि एका बोल्टाच्या ताणाने धरून असते. काढायला तीन नख्यांचा पुलर लावायचा, हातोडा कधीच नाही. बसवताना मूळ बोल्टाने ओढून घेऊ नका, त्याला सुरुवातीला पुरेसे आटे लागत नाहीत आणि क्रँकच्या आतले आटे मरतात. एम १६ × २.० चा लांब बोल्ट किंवा बसवायचं खास हत्यार घ्या. पुली पूर्ण आत गेली की जुना बोल्ट २४० पाउंड-फुटांवर आवळा, काढा, आणि मग नवा बोल्ट ३७ पाउंड-फूट अधिक १४० अंश. नवा बोल्ट म्हणजे नवाच.

व्हॉल्व्ह कव्हर काढून रॉकर आणि पुशरॉड उतरवा. पुठ्ठ्याला सोळा भोकं पाडून त्यांवर नंबर टाका आणि प्रत्येक पुशरॉड आपापल्या भोकात खोचा. जिथला तिथेच परत गेला पाहिजे. पुढचं कव्हर काढताना खालचे दोन बोल्ट ऑइल पॅनमधून वर येतात, ते विसरून कव्हर उचकटायला गेलात तर पॅनचं पॅकिंग फाटतं.

ऑइल पंपाला हात लावायचा का? क्रँकचा गिअर तसाच ठेवणार असाल तर पंप न काढताही कॅम निघतो. चेन आणि दोन्ही गिअर बदलायचे असतील तर मात्र पंप काढावा लागतो. आणि पंप निघाला की तेल ओढणाऱ्या नळीची ओ-रिंग नवी घालायची. या ओ-रिंगचे आकार इंजिनागणिक बदलतात, रंगावर जाऊ नका, नळीच्या टोकाशी ताडून बघा. माझ्या पहिल्या इंजिनात ही रिंग बसवताना दुमडली होती. गाडी सुरू झाली, पण गरम झाल्यावर तेलाचा दाब इतका खाली यायचा की पॅन पुन्हा उतरवून अख्खं काम परत केलं. तेव्हापासून मी रिंगला तेल लावतो, नळी हाताने सरळ आत जातेय याची खात्री करतो आणि मगच बोल्टाला पाना लावतो.

लिफ्टर वर अडकवून कॅम बाहेर

हेड न उतरवता कॅम निघतो तो एका सोयीमुळे. या इंजिनात चार-चार लिफ्टर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसलेले असतात. पुशरॉड निघाल्यावर, चेन काढून, गिअर तात्पुरता कॅमला लावा आणि कॅम हाताने दोन-तीन पूर्ण फेरे फिरवा. लोब प्रत्येक लिफ्टरला वर ढकलतात आणि तो ट्रेच्या पकडीत अडकून राहतो. मग ब्लॉकच्या पुढच्या तोंडाला, कॅमच्या दोन्ही अंगांना असलेल्या भोकांतून ५/१६ इंच जाडीच्या गुळगुळीत सळया शेवटपर्यंत सरकवा. लिफ्टर सुटलाच तर सळई त्याला धरते.

इथे घाई नको. ट्रे जुने झाले की त्यांची पकड सैल होते. लाखाच्या पुढे मैल झाले असतील तर मी हेड उतरवून लिफ्टर आणि ट्रे नवे घालायचा सल्ला देतो. कष्ट दुप्पट होतात, पण एक लिफ्टर आत पडला तर हेड शेवटी उतरवावीच लागतात, आणि त्या वेळी हाताशी ना पॅकिंग असतं ना बोल्ट.

कॅमला जागेवर धरणारी रिटेनर प्लेट काढा. तिच्या मागच्या बाजूला रबरी सील चिकटवलेलं असतं. ते चपटं झालं असेल किंवा तुटलं असेल तर नवी प्लेट घ्या. तिथून तेल निसटलं की सगळ्या इंजिनाचा दाब उतरतो.

कॅमच्या भोकांत तीन लांब एम ८ बोल्ट घाला, ही तुमची मूठ. कॅम हळूहळू फिरवत पुढे ओढा. प्रत्येक जर्नल बेअरिंगमधून सुटताना टोकाला वजन येतं आणि कॅम खाली झुकतो. तेव्हा दुसऱ्या हाताने आधार द्या. बेअरिंगचा पृष्ठभाग मऊ असतो, लोबची धार लागली की चरा पडतो. मी या वेळी रेडिओही बंद करतो. कॅम कुठे घासतोय ते कानाला आणि बोटांना कळतं.

नवा कॅम आत

जर्नलवर इंजिन ऑइल, लोबवर असेंब्ली लुब्रिकंट. तसाच फिरवत, तोलत आत. प्लेटचे बोल्ट साध्या षटकोनी डोक्याचे असतील तर १८ पाउंड-फूट (२५ न्यूटन-मीटर), चपट्या टॉर्क्स डोक्याचे असतील तर ११ (१५ न्यूटन-मीटर). मग सळया बाहेर.

गिअर लावताना क्रँकच्या गिअरची खूण वर, घड्याळातल्या बाराच्या जागी, आणि कॅम गिअरची खूण खाली, सहाच्या जागी. दोन्ही समोरासमोर. तीन बोल्टांच्या गिअरला २६ पाउंड-फूट (३५ न्यूटन-मीटर). एका बोल्टाच्या गिअरला आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडाच वापरा. त्यानंतर पाना लावून क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा परत समोरासमोर येतात का बघा. एक दाता चुकला असेल तर तो आत्ताच सापडू द्या. चेनची थरथर रोखणारा एलएस २ चा डॅम्पर जुन्या ब्लॉकवर छान बसतो, फक्त ब्लॉकला त्याची दोन भोकं आहेत का ते बघा, सुरुवातीच्या काही ब्लॉकना ती पाडलेली नाहीत.

स्प्रिंगा हेड न उतरवताही बदलता येतात. ज्या सिलिंडरवर काम करायचं त्याचा पिस्टन वर आणा, प्लगच्या भोकातून हवा भरा म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही, आणि स्प्रिंग दाबायच्या हत्याराने स्प्रिंग दाबून लॉक (रिटेनर धरणाऱ्या छोट्या पाचरी) चुंबकाने उचला. शेजारची तेलाची भोकं फडक्याने बंद करा. लॉक आत गेला तर तो शोधण्यात दिवस जातो.

पुशरॉडच्या लांबीबद्दल लोक फार कमी विचार करतात. या इंजिनांचे रॉकर कमीजास्त करता येत नाहीत, त्यामुळे लिफ्टरवरचा दाब पुशरॉडच ठरवतो. मूळ लांबी ७.४०० इंचांच्या आसपास. फॅक्टरीचा कॅम, फॅक्टरीचं हेड आणि फॅक्टरीचं पॅकिंग असेल तर जुने पुशरॉड चालतात. हेड घासलेलं असेल, किंवा कॅम घासून पुन्हा बनवलेला असेल, म्हणजे त्याचा मूळ गोल लहान झालेला असेल, तर लांबी-मापकाने मोजूनच घ्या. घासलेल्या हेडमध्ये पिस्टनवर मातीची गोळी ठेवून व्हॉल्व्हचं अंतरही तपासा. इनटेकला ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंचांपेक्षा कमी नको.

रॉकर आवळायचा क्रम असा. १ नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून कम्प्रेशनचा वरचा बिंदू शोधा. तिथे एक्झॉस्टचे १, २, ७, ८ आणि इनटेकचे १, ३, ४, ५ आवळा. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा. आता एक्झॉस्टचे ३, ४, ५, ६ आणि इनटेकचे २, ६, ७, ८. सगळे २२ पाउंड-फूट.

पुढचं कव्हर लावताना बोल्ट सैल ठेवा, पुली आत सरकवा म्हणजे सील मधोमध येतं, आणि मग कव्हर १८ पाउंड-फुटांवर आवळा. पॅन आणि कव्हर जिथे भेटतात त्या दोन कोपऱ्यांत सिलिकॉनचा बारीक थेंब द्या. वॉटर पंप दोन टप्प्यांत : आधी ११, मग २२.

पहिला स्टार्ट

फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि तेलाचा दाब गेजवर दिसेपर्यंत दहा-दहा सेकंद क्रँक फिरवा. मगच फ्यूज लावून गाडी सुरू करा. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांना पहिल्या स्टार्टलाच वीस मिनिटं दोन हजार आरपीएमवर ठेवावं लागायचं. इथे लिफ्टर रोलरचे आहेत, त्याची गरज नाही. सुरुवातीला लिफ्टर टकटक करतील, तेल भरलं की शांत होतात. पाच मिनिटांनंतरही टकटक राहिली तर इंजिन बंद करा आणि पुशरॉड बघा.

एलएस ६ सारख्या सौम्य कॅमवर गाडी कॉम्प्युटरच्या जुन्या ट्यूनवरही (सेटिंगवरही) चालेल, पण सिग्नलवर डळमळेल. कॉम्प्युटरमध्ये आयडलची हवा, आयडलचा आरपीएम आणि हवेच्या मोजणीची कोष्टकं नव्या कॅमप्रमाणे बसवून घ्या. जिथे राहता तिथला नियमही आधी बघा. मिशिगनमध्ये धुराची तपासणी होत नाही. कॅलिफोर्नियात मात्र मूळचा नसलेला कॅम घालायचा तर त्याला राज्याच्या मंजुरीचा नंबर लागतो.

मित्राचा ट्रक सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू झाला. पहिल्याच दिवशी पंचवीस मैलांनंतर आम्ही खाली पुठ्ठा अंथरला आणि रात्रभर ट्रक त्यावर उभा केला. सकाळी कव्हरच्या उजव्या कोपऱ्याखाली रुपयाएवढा तेलाचा डाग होता. सिलिकॉन कमी पडलं होतं. पुली परत काढली, कव्हर परत लावलं, नवा बोल्ट, ३७ अधिक १४०. आता पुठ्ठा कोरडा आहे.